ऑनलाइन कोर्समधला ग्रुप प्रोजेक्ट: हे लचांड आलं कुठून?

ऑनलाइन कोर्समधे ग्रुप प्रोजेक्ट जाहीर झाला की निम्म्या लोकांचं पहिलं म्हणणं असतं, आम्ही ऑनलाइन घेतलं ते कोणाच्या वेळा सांभाळायला लागू नयेत म्हणूनच ना? तक्रार अगदीच फालतू नाहीये. मागे जाऊन पाहिलं तर दोन उलट्या दिशेच्या कल्पना इथे एकत्र बांधल्या गेल्यात.

पहिली कल्पना म्हणजे घरबसल्या एकट्याने शिकणं. १८४० च्या सुमाराला इंग्लंडमधे आयझॅक पिटमन पोस्टाने शॉर्टहँड शिकवायला लागले, विद्यार्थी उतारा लिहून पाठवणार आणि तो तपासून परत येणार, बास. यात बाकीचे विद्यार्थी कोण आहेत हे कळायची गरजच नव्हती. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ मधे पहिली बॅच सुरू झाली तेव्हाही मुख्य मदार पोस्टाने येणारी पुस्तकं आणि टीव्ही-रेडिओवरच होती, एकत्र काम करायचं ते प्रत्यक्ष भेटल्यावर, उन्हाळ्यातल्या निवासी शिबिरात वगैरे.

दुसरी कल्पना वर्गातली, मिळून काम करत शिकायची. १९१८ मधे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या विल्यम किलपॅट्रिकनी प्रोजेक्ट पद्धतीवर निबंध लिहिला, मुलांनी स्वतःला पटलेलं काम मनापासून करत शिकावं असा. पुढे मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी गटाने शिकण्यावर बरंच काम केलं आणि त्यांच्या अटींमधल्या दोन इथे महत्त्वाच्या आहेत: एकाचं काम दुसऱ्याशिवाय पूर्ण होता कामा नये, आणि तरीही प्रत्येकाचा हिशोब वेगळा लागला पाहिजे. माझ्या मते बहुतेक कोर्स पहिली अट घेतात आणि दुसरी सोयीस्कर विसरतात, सगळा राडा तिथेच होतो.

आणि हा राडा इंटरनेटने आणलेला नाही बरं का. मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने दोर ओढायला लावून पाहिलं होतं, माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो (त्याचा रिपोर्ट १९१३ चा). १९७९ मधे लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं तरी तेच दिसलं. पुढच्या प्रयोगात मात्र, आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं कळल्यावर लोक अंग चोरेनात.

या दोन कल्पनांची गाठ पडली ती कॉम्प्युटर कॉन्फरन्सिंगमुळे, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहून होणाऱ्या गटचर्चेमुळे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या कॉम्प्युटरवर शिकवायच्या सिस्टिमवर १९७३ मधेच नोट्स नावाची चर्चेची सोय आली होती. मग न्यू जर्सीत मरे टुरॉफ आणि स्टार रॉक्सेन हिल्ट्झ या संशोधकांनी या माध्यमावर आधी संशोधन केलं आणि नंतर त्यावरच व्हर्च्युअल क्लासरूम उभी केली, आणि नुसते पाठ चढवून भागत नाही, विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर काम केलं पाहिजे हा हिल्ट्झ यांचा आग्रह होता. भेटायची वेळ न जुळवता गटात काम करता येतं हा तेव्हा केवढा मोठा शोध वाटला असेल! २००२ मधे ऑनलाइन कोर्स चालवायचं मूडल हे सॉफ्टवेअर आलं तेही एकमेकांकडून शिकण्याच्या विचारातूनच बनलेलं होतं. फाइल मात्र ईमेलवरच फिरत राहिली, फायनल, फायनल२, खरंच फायनल वगैरे, ते गुगलने २००६ मधे रायटली नावाचं सॉफ्टवेअर विकत घेऊन, एकाच फाइलमधे सगळ्यांना लिहिता येणारं गुगल डॉक्स आणेपर्यंत. त्यातल्या हिस्टरीमुळे कोणी किती टाइप केलं हे सरांना दिसायला लागलं, पण ज्याने माहिती शोधली आणि कॉलवर सगळ्यांना समजावलं तो त्यात कुठे दिसतो?

मग फेब्रुवारी २०१३ चा कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरचा किस्सा. कोर्सचा विषय होता ऑनलाइन कोर्स कसे चालवावेत, ४० हजारांवर लोक, आणि गट पाडायला सगळ्यांना एका गुगल स्प्रेडशीटमधे नाव लिहायला सांगितलं. एवढे लोक एकदम घुसल्यावर ती शीट बसलीच, आणि पहिल्याच आठवड्यात कोर्स थांबवावा लागला. तेव्हा गट पाडणं हे सॉफ्टवेअरने करायचं काम आहे हे जगजाहीर झालं. खरं तर मोकळ्या वेळा विचारून गट जुळवणारी आणि सहकाऱ्यांना मार्क द्यायला लावणारी कॅटमीसारखी टूल्स त्याआधीपासून होतीच.

२०२० मधे सगळेच ऑनलाइन ढकलले गेले, व्हिडिओ कॉलवर छोट्या गटांसाठीच्या ब्रेकआउट रूममधे कॅमेरे बंद, त्याबद्दल काय बोलायचं. नोव्हेंबर २०२२ मधे चॅटजीपीटी आल्यावर गुगल डॉक्सच्या हिस्टरीचाही उपयोग कमी झाला, कारण आता तिथे अख्खा परिच्छेद एकदम पेस्ट झालेला दिसतो आणि तो कोणाच्या डोक्यातून आला ते कळत नाही. म्हणून काही शिक्षक आता शेवटी प्रत्येकाला थोडा वेळ एकट्याला कॉलवर घेतात आणि म्हणतात, तुझा भाग राहू दे, तुझ्या पार्टनरने केलेला भाग मला समजावून सांग.