रस्त्याकडेचे राजशासन : गधेगळ आणि आक्षीचा शिलालेख

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले की काही किलोमीटरवर आक्षी हे नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव लागते. मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक मानला जाणारा लेख या गावातला आहे. तो मंदिराच्या गाभाऱ्यात किंवा किल्ल्याच्या दरवाजावर नव्हता, तर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या वाटेवर उभा होता, आणि १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही आक्षीच्या कोरीव दगडाची नोंद रस्त्याकडेचा दगड म्हणूनच आली आहे. असे दगड वाटेवर का असतात, हे समजून घ्यायचे तर शिलाहारांच्या काळातील दानाची पद्धत पाहावी लागते.

उत्तर कोकणावर शिलाहारांची सत्ता साधारण नवव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होती. राजाने किंवा त्याच्या प्रधानाने एखाद्या देवळाला अथवा ब्राह्मणाला जमीन, वाडी किंवा धान्याचे उत्पन्न लावून दिले, की त्याचे शासन, म्हणजे दानाचे आज्ञापत्र, लिहिले जाई. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरी जपून ठेवला जाई. परंतु पुढे ज्यांच्याकडून त्या दानाला धोका संभवत असे, ते शेजारचे कूळ, नवा अधिकारी किंवा पुढच्या पिढीतला वारस, यांच्या डोळ्यांसमोर तो येत नसे. त्यांच्यासाठी दगड उभा केला जाई, आणि तो दान दिलेल्या जागेच्या हद्दीवर, देवळाजवळ किंवा वाटेवर, सर्वांना दिसेल असाच असे.

या दगडाची ठेवण ठरलेली आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात, कारण दान आचंद्रसूर्य टिकावे, म्हणजे आकाशात चंद्रसूर्य असेपर्यंत कोणी मोडू नये, अशी अपेक्षा आहे. मधल्या भागात लेख असतो, आणि तळाशी गाढव व स्त्री यांच्या समागमाचे शिल्प. शासन मोडणाऱ्याच्या आईची अशी विटंबना होईल, ही ती शापवाणी. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ती चित्रातून समजावी, अशी योजना होती. गुन्हा करणारा पुरुष आणि शिक्षेची भाषा मात्र त्याच्या आईच्या शरीरावर, ही गोष्ट त्या समाजाविषयी जे सांगते ते या दगडाच्या इतिहासाचाच भाग आहे. आजच्या माहितीफलकांवर 'शापशिल्प' एवढाच शब्द लिहून ती टाळली जाऊ नये. या शिल्पावरूनच अशा दगडांना गधेगळ किंवा गद्धेगाळ म्हटले जाते.

आक्षीचा लेख या प्रकारचा आहे. त्याचा आरंभ सर्वांच्या सुखाची इच्छा करून होतो. त्यानंतर पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचा चक्रवर्ती केशिदेवराय याचे नाव येते आणि त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई याचे. महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली (कुवली हे जुने माप) धान्य लावून दिल्याची नोंद त्यात आहे. दूध, दही, तूप, मध आणि पुरणावरणाचा नैवेद्य एकत्र कालवून त्यात देवीची मूर्ती ठेवण्याचा, सवाष्णींनी आणि कुमारिकेने मिळून करायचा बोडणाचा हा कुलाचार कोकणस्थांच्या आणि इतर अनेक घरांत आजही मंगलकार्यानंतर होतो. राजवंश गेला, त्याचे नावही सर्वसामान्यांच्या स्मरणातून गेले, पण ज्या विधीसाठी धान्य दिले तो विधी चालू आहे, हे मला या नऊ ओळींतले सर्वांत मोलाचे वाटते.

प्राचीन मराठी कोरीव लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी या लेखातील शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला आणि त्यामुळे हा मराठीचा आद्य शिलालेख ठरला. हे वाचन सर्वमान्य नाही. शिलाहारांमध्ये केशिदेव नावाचा दुसरा राजा तेराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेला, आणि हा लेख त्याच्या काळातला, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे अलीकडचा, असेही अभ्यासकांनी मांडले आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख मिळाल्यापासून आद्यत्वाचा वाद अधिकच रंगला. त्या वादात आक्षीच्या लेखातील मजकूर मात्र मागे पडतो.

मुंबईतील परळचा दगड या परंपरेचा दुसरा ठळक नमुना आहे. शके ११०८ मधील, म्हणजे इ.स. ११८७ च्या, या लेखात शिलाहार राजा अपरादित्याने षट्षष्टी, म्हणजे साष्टी, भागातील एका वाडीच्या उत्पन्नातून वैद्यनाथ देवाला दान दिल्याचे संस्कृतात सांगितले आहे. शेवटची शापवाणी तेवढी मराठीत आहे. दानाची भाषा दरबाराची आणि धमकीची भाषा रयतेची, अशी ही वाटणी होती. हा दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड, हे अशाच वाटेवरच्या दगडांचे निराळे कुळ. बोरिवलीजवळच्या एकसर येथील सहा वीरगळांपैकी काहींवर वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात इ.स. १२६५ च्या सुमारास झालेल्या युद्धाशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवले आहे.

गधेगळांच्या वाट्याला पुढे विचित्र नशीब आले. लेख वाचता येईनासा झाला आणि शिल्प तेवढे राहिले, तेव्हा कुठे दगड अशुभ मानून पालथा घातला गेला, कुठे विहिरीत टाकला गेला, तर कुठे शेंदूर लावून ग्रामदेवता म्हणून पुजला गेला. रस्त्यांवर भराव पडत गेला तसे काही दगड निम्मे जमिनीत गेले आणि तळाचे शिल्प दिसेनासे झाले. अलीकडे कोकणात गावकरी आणि इतिहासप्रेमी मंडळी असे दगड पुन्हा उभे करत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. मात्र रस्ता रुंदीकरणात किंवा सुशोभीकरणात दगड हलवावाच लागला, तर तो मूळ कोठे होता, कोणत्या दिशेला तोंड करून होता आणि जवळ कोणते देऊळ, तळे वा शेत होते, याची नोंद आणि छायाचित्रे आधी घेतली पाहिजेत. लेखात हद्दीचा उल्लेख असो वा नसो, दान कोणत्या जमिनीचे होते हे पुष्कळदा त्या जागेवरूनच कळते.