आव्हिन्यों : ट्रेनने वीकेंड ट्रिप

आव्हिन्यों हे दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागातलं, ऱ्होन नदीच्या डाव्या काठावरचं तटबंदीचं जुनं शहर. वस्ती साधारण ९० हजार. पॅरिसहून शनिवारी सकाळी निघायचं आणि रविवारी रात्री परत यायचं, अशा ट्रिपला हे गाव एकदम फिट बसतं, कारण बघण्यासारखं बहुतेक सगळं ४.३ किलोमीटर घेराच्या तटाच्या आत आहे, आत शिरलं की पायच पुरतात, गाडी घेऊन गेलात तर उलट पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते.

पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या हायस्पीड ट्रेनने, २ तास ४० मिनिटांच्या आसपास लागतात. हा वेग २००१ च्या जूनमध्ये व्हालांस ते मार्सेय ही नवी हायस्पीड लाइन सुरू झाल्यामुळे आला. पण एक गोष्ट आधीच लक्षात ठेवायची, इथे स्टेशनं दोन आहेत आणि नवखा माणूस हमखास इथेच गोंधळतो. आव्हिन्यों टीजीव्ही हे नवीन स्टेशन गावाबाहेर आहे, उलट्या ठेवलेल्या होडीसारखं लांबलचक छप्पर, सुमारे ३४० मीटर, स्वतःच बघण्यासारखं. दुसरं आव्हिन्यों सांत्र, अगदी तटाच्या वेशीसमोर. दोन्ही जोडणारी लोकल शटल २०१३ पासून चालते आणि पाचेक मिनिटांत पोचवते, तरी तिकीट काढताना कुठल्या स्टेशनचं आहे ते दोनदा बघावं. सांत्रला उतरलात की वेशीतून आत, र्यू द ला रेप्युब्लिक या सरळ रस्त्याने चालत राहायचं, वाटेत कॅफेंनी भरलेला प्लास द लोर्लोज हा चौक लागतो आणि पंधराएक मिनिटांत पोपचा राजवाडा समोर.

आता हे गाव नीट कळायचं तर एकच गोष्ट माहीत हवी, ती म्हणजे १७९१ पर्यंत आव्हिन्यों फ्रान्सचं नव्हतंच. रोममधली भांडणं आणि फ्रान्सच्या राजाचा दबाव यात सापडलेले पोप पाचवे क्लेमेंट १३०९ मध्ये इथे आले, तेव्हापासून अकराव्या ग्रेगरींपर्यंत ओळीने सात पोप इथे राहिले, सातही फ्रेंच. १३४८ मध्ये, म्हणजे प्लेगने माणसं पटापट मरत होती त्याच वर्षी, सहाव्या क्लेमेंटनी नेपल्सची राणी जोआनाकडून हे अख्खं शहर ८०,००० फ्लोरिनला, म्हणजे त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांना, विकत घेतलं. १३७७ मध्ये पोप रोमला परत गेले, मग एकाच वेळी दोन-दोन पोप असण्याचा घोळ झाला, त्यातले तेरावे बेनेडिक्ट या राजवाड्यात वेढ्यात अडकले आणि १४०३ मध्ये निसटले, पण शहराची मालकी मात्र चर्चकडेच राहिली ती थेट फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत.

राजवाडा म्हणजे खरं तर दोन वाडे एकमेकांना चिकटलेले. बाराव्या बेनेडिक्टनी १३३५ मध्ये बांधायला घेतलेला जुना, किल्ल्यासारखा रुक्ष, आणि हौशी सहाव्या क्लेमेंटनी जोडलेला नवा. वीसेक वर्षांत एवढा डोंगर उभा केला हे बाहेरून बघताना खरं वाटत नाही. आत मात्र झगमगाटाची अपेक्षा ठेवू नका, दालनं रिकामी आहेत. क्रांतीनंतर इथे तुरुंग आणि सैन्याची बराक होती, १९०६ पर्यंत, आणि शिपायांनी भिंतीवरच्या चित्रांचे तुकडे कापून विकले म्हणे. वाचलेल्यात पोपच्या अभ्यासिकेतली शिकारीची, मासेमारीची चित्रं आहेत, देवाधर्माचं त्यात काही नाही, आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात.

मग पूल. सां-बेनेझेचा पूल बाराव्या शतकातला, बेनेझे नावाच्या एका धनगर पोराला दैवी आज्ञा झाली आणि त्याने भलामोठा दगड उचलून पाया घातला अशी आख्यायिका. एके काळी २२ कमानी होत्या, ऱ्होनच्या पुरांनी त्या वारंवार मोडल्या, सतराव्या शतकात दुरुस्तीचा नाद सोडला, आज ४ उरल्यात आणि पूल नदीच्या मध्येच संपतो. या पुलावर नाचण्याचं फ्रेंच बालगीत जगभर माहीत आहे. समोरच्या काठावर व्हिलनव्ह गावात फिलिप राजाचा बुरूज दिसतो, तो पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी उगाच नाही उभा, तिकडे फ्रान्स आणि इकडे पोपचा मुलूख, मध्ये नदी.

शहर फ्रान्सला परकं असण्याचा एक फायदा आपल्या कामाचा आहे. भारतातून येणारी छापील सुती कापडं फ्रान्समध्ये इतकी चालायला लागली की तिथल्या विणकरांसाठी राजाने १६८६ मध्ये ती आणायला आणि तशी छापायलाही बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. आव्हिन्यों राजाच्या हुकमाबाहेर, त्यामुळे इथे 'अँदिएन' म्हणजे भारतीय धाटणीचं कापड छापलं जात राहिलं, शेवटी १७३४ मध्ये पोपशी करार करून राजाने तेही बंद पाडलं. र्यू दे तँत्युरिए, म्हणजे रंगाऱ्यांची गल्ली, तिथे कालव्यावर लाकडी पाणचक्क्या अजून आहेत, रविवारी सकाळी तिथे शांत बसता येतं.

जुलैत जायचं तर रूम फार आधी बुक करा. झाँ व्हिलार यांनी १९४७ मध्ये सुरू केलेला नाट्यमहोत्सव तेव्हा असतो, राजवाड्याच्या अंगणातच मुख्य रंगमंच आणि गल्लोगल्ली पोस्टरं. १९८५ मध्ये ब्रिटिश नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रूक यांचं नऊ तासांचं महाभारत याच महोत्सवात, गावाजवळच्या बूल्बों इथल्या दगडखाणीत पहिल्यांदा झालं, द्रौपदी मल्लिका साराभाई. रात्रभर बसलेले प्रेक्षक उजाडताना उठायचे.

हिवाळ्यात, वसंतात गर्दी कमी पण मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटला की पुलावर टोपी टिकत नाही. लेझाल या झाकलेल्या मंडईत सकाळीच जावं, दुपारी गाळे बंद होतात आणि सोमवारी मंडईच बंद. रविवारी दुपार मोकळी राहिली तर सांत्रवरून लोकलने वीसेक मिनिटांत आर्ल गाठता येतं, फक्त परतीची टीजीव्ही बहुधा दुसऱ्या स्टेशनवरून असते, शटलचा वेळ धरूनच निघा.