२३ भागांचा सीझन आणि सुपरहिरो मालिकांचा चढउतार

'ॲरो' या अमेरिकी सुपरहिरो मालिकेचा दुसरा सीझन भारी की पाचवा, 'द फ्लॅश' नेमकी कुठे घसरली, 'डेअरडेव्हिल'शी यांची तुलना करावी का, हे वाद दहा वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. वादात बहुतेक वेळा पात्रं, व्हिलन आणि लेखक यांचा पंचनामा होतो. मालिका बनवण्याची पद्धत शेजारी ठेवून पाहिली, तर बऱ्याच उतारांची कारणं भागांच्या संख्येत, पात्रांच्या हक्कांत आणि वाहिनीच्या हिशेबात सापडतात.

हे दुखणं जुनं आहे. १२ जानेवारी १९६६ ला एबीसी वाहिनीवर 'बॅटमॅन' सुरू झाली तेव्हा आठवड्याला दोन भाग यायचे. बुधवारी नायक सापळ्यात अडकायचा, गुरुवारी सुटायचा. तिसऱ्या सीझनला आठवड्याला एकच भाग उरला, पैसा आटला, आणि भरगच्च सेटच्या जागी काळ्या पार्श्वभूमीपुढे मांडलेल्या दोन-चार वस्तू दिसू लागल्या. मार्च १९६८ मध्ये १२० भागांवर मालिका बंद झाली. पुढे एनबीसीच्या 'हीरोज'नं २००६ मध्ये धडाक्यात सुरुवात केली, पण दुसरा सीझन पटकथालेखकांच्या संपामुळे ११ भागांवर तुटला. सगळा दोष संपावर टाकणं मात्र चूक ठरेल. कथा रेंगाळल्याबद्दल निर्माते टिम क्रिंग यांनी त्याच सुमारास जाहीर दिलगिरी व्यक्त केली होती, आणि रेंगाळलेले ते भाग संपाआधीच लिहून झालेले होते.

आजच्या वादांचं मूळ मात्र १० ऑक्टोबर २०१२ ला आहे. त्या दिवशी द सीडब्ल्यू या अमेरिकी वाहिनीवर स्टीफन अमेल या नटाची 'ॲरो' सुरू झाली. तरुण सुपरमॅनवरच्या 'स्मॉलव्हिल'नं आधीची दहा वर्षं याच प्रेक्षकाची मशागत केली होती. 'ॲरो'चे पहिले सहा सीझन प्रत्येकी २३ भागांचे. एक भाग साधारण ४२ मिनिटांचा आणि त्याच्या चित्रीकरणाला आठ-नऊ दिवस. व्हँकुव्हरमध्ये जुलैत सुरू झालेलं काम एप्रिलपर्यंत चालायचं. एका भागाचं चित्रीकरण चालू असताना पुढच्याची तयारी, मागच्याचं संकलन आणि त्याहून पुढच्या भागांचं लेखन एकाच वेळी सुरू असतं. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये प्रेक्षकांनी नाक मुरडलं, तरी त्याचा परिणाम पडद्यावर दिसायला नवं वर्ष उजाडतं. त्यात अमेरिकी वाहिन्या प्रेक्षकसंख्येच्या मोजणीचे महिने म्हणून नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे यांना जपतात. मोठे धक्के आणि मोठ्या मारामाऱ्या तिथे जातात. जानेवारी आणि मार्च-एप्रिलच्या वाट्याला एकाच सेटवर उरकलेले, 'या आठवड्याचा गुन्हेगार' छापाचे भाग येतात. दर्जा तपासायचा असेल तर आधी भागाची प्रक्षेपण तारीख पाहावी.

'ॲरो'चा आलेख या दृष्टीनं फार बोलका आहे. नायक ऑलिव्हर क्वीन पाच वर्षं बेपत्ता होता, म्हणून दर सीझनला भूतकाळातलं एक वर्ष दाखवायचं ठरलं. पहिली दोन वर्षं तो अडकलेल्या बेटावरची. स्लेड विल्सन तिथे मित्राचा वैरी होतो, आणि वर्तमानात तोच व्हिलन म्हणून परततो. दोन्ही काळ एकमेकांना ओढत नेतात. दुसऱ्या सीझनची पकड इथून येते. पुढच्या तीन वर्षांसाठी तेवढं भक्कम कथानक हाताशी नव्हतं. तिसऱ्यात भूतकाळ हाँगकाँगला गेला, चौथ्यात ओढूनताणून पुन्हा त्याच बेटावर आला. चौथ्याच्या पहिल्याच भागात एक कबर दाखवली गेली. ती कुणाची हे चित्रीकरणाच्या वेळी लेखकांनीही ठरवलं नव्हतं आणि त्यांनी तसं नंतर सांगितलंही. एप्रिल २०१६ मध्ये ऑलिव्हरची जुनी प्रेयसी लॉरेल लान्स मारली गेली, तेव्हा तो मृत्यू अनेकांना लादलेला का वाटला, याचं उत्तर या क्रमात आहे. कबर आधी खणली, माणूस मागाहून शोधला. पाचव्या सीझनमध्ये भूतकाळ रशियात गेला. प्रॉमिथियस हा व्हिलन ऑलिव्हरच्या पहिल्या वर्षाच्या हत्यांतून उगवला, आणि पाच वर्षांचा हिशेब बेटावरच चुकता झाला. मालिका तिथेच संपली असती तर तिची गणना आज कितीतरी वरच्या रांगेत झाली असती, असं ठामपणे म्हणता येतं. ती आणखी तीन सीझन, एकूण १७० भागांपर्यंत चालली.

हक्कांची अडचण वेगळी. वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपट विभागाला एखादं पात्र हवं झालं की मालिकेला ते सोडावं लागायचं. 'सुइसाइड स्क्वॉड' चित्रपट ऑगस्ट २०१६ मध्ये येणार होता. त्याआधीच 'ॲरो'तून त्या चित्रपटातलीच डेडशॉट आणि अमांडा वॉलर ही दोन्ही पात्रं मारून मोकळी करण्यात आली. मालिकेनं तीन वर्षं जोपासलेला धागा असा अर्ध्यात कापला गेला.

७ ऑक्टोबर २०१४ ला आलेल्या 'द फ्लॅश'च्या पहिल्या सीझनचं कौतुक अजून ओसरलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. पहिल्याच भागात २५ एप्रिल २०२४ चं वर्तमानपत्र दाखवून लेखकांनी शेवटाची दिशा दिली होती आणि व्हिलन नायकाच्या घरातल्यासारखा वावरत होता. मग सलग तीन सीझन मुख्य व्हिलन वेगानं धावणाराच राहिला: रिव्हर्स फ्लॅश, झूम, सॅव्हिटार. तोच मुखवटा, तेच 'तो नेमका कोण' हे कोडं, नायकाला तेच 'बॅरी, आणखी जोरात धाव'. २३ भाग भरताना प्रत्येक निर्णय टीममध्ये लपवायचा आणि मग त्यावर दोन भाग भांडायचं, ही सवय इथे जडली. सहाव्या सीझनपासून सूत्रं एरिक वॉलेस यांच्याकडे आली. त्यांनी सीझनचे दोन तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र व्हिलन दिला. उपाय अचूक होता. पहिल्या तुकड्यातला ब्लडवर्क रंगला (तो साकारणारे सेंधिल राममूर्ती 'हीरोज'मधलेच). दुसरा तुकडा मार्च २०२० मध्ये कोविडमुळे अर्धवट राहिला. सीझन १९ भागांवर थांबला आणि त्याचा शेवट पुढच्या सीझनच्या माथी आला.

जागा बदलली की मालिकाही बदलते. 'सुपरगर्ल' पहिल्या वर्षी सीबीएसवर होती, चित्रीकरण लॉस एंजेलिसला. दुसऱ्या वर्षी ती द सीडब्ल्यूवर आणि व्हँकुव्हरला गेली. कॅलिस्टा फ्लॉकहार्ट लॉस एंजेलिस सोडणार नव्हत्या, म्हणून मालिकेचा कणा असलेली त्यांची कॅट ग्रँट ही भूमिका पाहुणी झाली. उलट 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो'चा पहिला सीझन १६ भागांचा असूनही फिका होता. दुसऱ्या सीझनला हॉकमॅन-हॉकगर्ल ही रखडलेली जोडी काढली, गंभीरपणाचा आव सोडला, आणि 'ॲरो'मधून आणलेला डेमियन डार्क हा व्हिलन इथे नव्यानं खुलला. भाग कमी असणं पुरेसं नसतं, हे यातून कळतं.

नेटफ्लिक्सच्या मार्व्हल मालिकांतही तेच दिसतं. 'डेअरडेव्हिल' एप्रिल २०१५ मध्ये १३ भागांची आली आणि दुसऱ्याच भागातल्या अरुंद कॉरिडॉरमधल्या मारामारीनं तुलनेचा मापदंड बदलला. पण १३ चा साचा सगळ्यांना लावला गेला. 'ल्यूक केज'मध्ये महेर्शाला अलींचा कॉटनमाउथ हा व्हिलन सातव्या भागात मरतो आणि उरलेले सहा भाग लंगडतात. 'आयर्न फिस्ट'मध्ये कुंग फू हाच गाभा, पण फिन जोन्सना काही मारामाऱ्या चित्रीकरणाच्या पंधरा मिनिटं आधी शिकवल्या जात होत्या. याच नायकांना एकत्र आणणारी 'डिफेंडर्स' मात्र आठ भागांत आटोपली.

मग दमलेल्या मालिका इतकी वर्षं चालल्या कशा? द सीडब्ल्यू ही तेव्हा सीबीएस आणि वॉर्नर ब्रदर्स यांच्या भागीदारीतली वाहिनी होती. २०११ पासूनच्या करारानुसार तिच्या मालिका नेटफ्लिक्सला विकल्या जात, म्हणून प्रत्यक्ष प्रेक्षकसंख्या घटली तरी मालक कंपन्यांना पैसा मिळे आणि दरवर्षी जवळपास सगळ्या मालिकांना मुदतवाढ मिळे. २०१९ मध्ये तो करार थांबला. एप्रिल २०२२ मध्ये 'लेजेंड्स' कथा अधांतरी ठेवून बंद झाली, ऑक्टोबर २०२२ मध्ये नेक्सस्टार या माध्यम कंपनीनं वाहिनीचा ७५ टक्के हिस्सा घेतला, आणि २४ मे २०२३ ला 'द फ्लॅश' १८४ भागांवर संपली.

उरली 'सुपरमॅन अँड लोइस'. चौथ्या सीझनला खर्च इतका कापला गेला की सात नियमित कलाकारांना ते स्थान गमवावं लागलं आणि भाग फक्त १० उरले. पण हा शेवटचा सीझन आहे हे प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी जाहीर झालं होतं, म्हणून शेवट रचायला वाव मिळाला. २ डिसेंबर २०२४ च्या अखेरच्या भागात कथा क्लार्कच्या, म्हणजे सुपरमॅनच्या, म्हातारपणापर्यंत आणि मृत्यूपर्यंत पोहोचते.