फिल्मवरची धूळ, लाखेवरची धूळ

सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, शूटिंग करताना खरी परीक्षा पहिल्याच क्लोजअपला होते. दशावतारी गंजिफाच्या 120 पानांतलं एक गोल पान हातात हळूच कलतं, लाखेवरून उजेडाची पट्टी सरकते आणि त्या पट्टीत जांभ्याची लाल धूळ, फडक्याचा एखादा तंतू असं सगळं उठून दिसतं. नुसत्या डोळ्यांना पान लख्ख वाटलेलं असतं. "एडिटला काढू" असं आपण बोलून जातो, पण धूळ काढायची बहुतेक साधनं मुळात या धुळीसाठी झालेलीच नाहीत.

ती झाली फिल्मवरच्या धुळीसाठी. लॅबमध्ये फिल्म अशा द्रवात बुडवून प्रिंट काढत, की ज्यात प्रकाश जवळपास फिल्मच्या बेसइतकाच, म्हणजे तिच्या पारदर्शक पट्टीइतकाच, वळतो. ओरखडे त्या द्रवाने भरून निघत आणि प्रिंटवर उमटत नसत. 1993 मध्ये कोडॅकच्या सिनिऑन यंत्रणेवर डिस्नेचा 1937 चा 'स्नो व्हाइट' अख्खा स्कॅन होऊन साफ झाला आणि हे काम संगणकावर आलं. आपोआप धूळ काढणाऱ्या साधनांचा हिशेब सरळ आहे: डाग या फ्रेममध्ये आहे, मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही, म्हणजे तो कचरा. शेजारच्या फ्रेममधून तेवढा तुकडा आणून बसवायचा. फिल्मवरचा कण पडद्यावर सेकंदाचा 24वा भागच टिकतो, म्हणून हे जमतं.

लाखेवरचा कण शॉटभर जागचा हलत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी तो मत्स्यावताराच्या खवल्यांसारखाच पानाचा भाग. 1981 च्या क्वांटेल पेंटबॉक्सने टीव्हीच्या चित्रावर पेनने रंगवायची सोय दिली खरी, पण टीव्हीच्या सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने पाच सेकंदांच्या शॉटला 125 फ्रेम हाताने पुसल्या की पुसलेली जागा थरथरायला लागते. सपाट पृष्ठभागाचा माग काढणारं मोकासारखं ट्रॅकिंग आलं, तेव्हा कुठे पॅच, म्हणजे डाग झाकणारा तुकडा, पानाला चिकटून राहू लागला.

तरी चकाकी उरतेच. ती पानाला चिकटलेली नसते. दिवा, पान आणि कॅमेरा यांच्या कोनावर ती सरकते. अंधाऱ्या जागेतून उचललेल्या गोठवलेल्या पॅचवरून उजेडाची पट्टी गेली की तिथे काळा ठिपका दिसतो. म्हणून मी पॅच त्याच फ्रेममधून, कणाच्या अगदी लगतचा आणि पट्टीच्याच दिशेने घेतो. मग कणावर जो उजेड पडतो, तोच पॅचवरही येतो. वेळ फार जातो, पण दुसरं काही मला पटलेलं नाही.

2019 मध्ये आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये कंटेंट-अवेअर फिल आलं: नको तो भाग मास्कने आखून द्यायचा, ती जागा ते आपोआप भरतं. घाईच्या एका कामात मी ते वापरलं आणि फुटेज पानं रंगवणाऱ्या चितारी काकांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "हयसर ठिपको होतो." मुकुटावर बारीक कलमाने टेकवलेला पांढरा मोती मी धूळ समजून मास्कमध्ये घेतला होता. त्या रात्री तो शॉट पुन्हा पहिल्या फ्रेमपासून केला.