हाताला कळतं ते तापमान नव्हे

डिसेंबरातल्या पहाटे देवघरातली पितळी समई हाताला गार लागते, शेजारचा लाकडी पाट तेवढा लागत नाही. थर्मामीटर लावून पाहा, दोन्ही सारखेच भरतील. रात्रभर एकाच खोलीत पडलेल्या वस्तूंचं तापमान वेगळं असायला काही कारणच नाही.

मग हाताला फरक कसा कळतो? आपल्या त्वचेचं तापमान साधारण 32-33 अंश सेल्सिअस असतं. खोली 18 अंशांवर असेल, तर उष्णता हातातून वस्तूकडे जाते. पितळ ती झपाट्याने ओढून आत पसरवतं आणि बोटाखालची त्वचा लगेच निवते. लाकडात ती पृष्ठभागापाशीच अडते, त्यामुळे तिथलं लाकूडच ऊबदार होतं. हाताला जाणवतो तो आपल्या त्वचेचा थंडावा. म्हणूनच मे महिन्यात नागपुरात 45 अंश असताना सगळं उलटं होतं: सावलीत ठेवलेला लोखंडी बाकसुद्धा लाकडी बाकापेक्षा जास्त चटका देतो.

या गुणधर्माला उष्णतावाहकता म्हणतात आणि ती मोजता येते. तांब्याची सुमारे 400 वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन, ॲल्युमिनियमची 235च्या आसपास, बिडाची 50च्या घरात आणि स्टेनलेस स्टीलची जेमतेम 15. स्टीलच्या पातेल्यात खीर नेमकी ज्योतीच्या वर करपते ती यामुळे. उष्णता बाजूला पसरतच नाही. बुडाला तांब्याचा थर देतात तो काही शोभेसाठी नाही.

धातूंमध्ये उष्णता वाहून नेण्याचं बरंचसं काम मोकळे इलेक्ट्रॉन करतात. वीजही तेच नेतात, त्यामुळे विजेचा उत्तम वाहक धातू उष्णतेचाही उत्तम वाहक असतो. हा संबंध विडेमान आणि फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1853 साली दाखवला. स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम, निकेल मिसळलेलं असतं. या परक्या अणूंवर इलेक्ट्रॉन आपटत, भरकटत राहतात. ज्या क्रोमियममुळे स्टील गंजत नाही, तेच उष्णतेच्या वाटेत आडवं येतं.

पण वाहकता जास्त म्हणजे भांडं सरस, असं समजू नका. घावन बिडाच्या तव्यावरच घालावं. पातळ ॲल्युमिनियमच्या तव्यावर गार पीठ पडलं की तव्याचं तापमान एकदम उतरतं आणि घावन चिकटतं. बिडाचा तवा जाड आणि वजनदार, त्यात उष्णतेचा साठा मोठा. पीठ पडलं तरी त्याचं तापमान फारसं ढळत नाही. खुबी वहनात नाही, साठवणीत आहे. माझ्या मते स्वयंपाकघरात हा गुणधर्म सर्वात कमी ओळखला जातो.

हिरा तर मोकळे इलेक्ट्रॉन नसूनही तांब्याच्या कितीतरी पट, 2000च्या आसपास वाहकता दाखवतो. त्यातले कार्बनचे अणू हलके आणि एकमेकांना घट्ट बांधलेले, त्यामुळे त्यांची कंपनंच उष्णता वेगाने पुढे नेतात. सराफाकडच्या हिरा तपासण्याच्या साध्या यंत्राचं तापलेलं टोक हेच मोजतं. काच किंवा झिर्कोनिया यांचे नकली हिरे तिथे लगेच उघडे पडतात. मॉइसनाईट हा हिऱ्यासारखा दिसणारा खडा मात्र या चाचणीतून सुटतो, कारण हे सिलिकॉन कार्बाइडही उष्णतेचं उत्तम वाहक आहे. तो पकडायला दुसरा गुणधर्म तपासावा लागतो: अनेक मॉइसनाईटमधून किंचित वीज जाते, नेहमीच्या हिऱ्यातून जात नाही.