तो पूल मनोऱ्यांना धरून ठेवत नाही

मलेशियाला जाऊन आलेला माणूस पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांचा फोटो दाखवतो आणि वर ऐकवतो, "मधला पूल काढला तर दोन्ही कोसळतील!" यंदा चतुर्थीला आमच्याकडे आरतीनंतर पुन्हा तेच.

साफ चूक. ४५२ मीटरचे हे मनोरे २००४ पर्यंत जगातल्या सर्वांत उंच इमारती होत्या. प्रत्येक मनोरा मधल्या काँक्रीटच्या गाभ्यावर आणि भोवतीच्या सोळा खांबांवर स्वतंत्र उभा आहे. ४१व्या-४२व्या मजल्यावरचा ५८ मीटरचा पूल त्यांना जखडलेलाच नाही. वाऱ्यात दोघे वेगवेगळे डुलतात. घट्ट बांधला असता तर पूलच आधी तुटला असता.

गोव्यातल्या बेतीच्या धक्क्यावर फेरीबोट लागते तेव्हा बघा. पुढची लोखंडी फळी धक्क्यावर नुसती टेकते, बोट हलली की कर्रर्र करत सरकते. पुलाची टोकंही तशीच बेअरिंगवर सरकतात (आवाज न करता, एवढाच फरक!). खालून कमानीचे दोन पाय २९व्या मजल्याशी टेकून पुलाला मधोमध ठेवतात.

मग पूल कशाला? एका मनोऱ्यात आग लागली, तर माणसांना दुसऱ्यात निसटता यावं म्हणूनही.