वेबमेलमधला लॉगिन सेशन एरर

वेबमेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून मेल बघताना, पासवर्ड बरोबर टाकला तरी पान क्षणभर लुकलुकतं आणि परत लॉगिनवरच येऊन बसतं, नाहीतर अर्धा तास खपून लिहिलेला मेल सेंड करायला जावं तर सेशन संपल्याचा मेसेज, हाच तो लॉगिन सेशन एरर. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला मागची रिक्वेस्ट लक्षात राहत नाही, म्हणून १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू मॉन्टुली यांनी कुकी (ब्राउझर जपून ठेवतो आणि सर्व्हरला परत दाखवतो ती छोटी चिठ्ठी) आणली, आणि वेबमेल आजही कुकीतल्या सेशन आयडीवरूनच, म्हणजे त्या लॉगिनला दिलेल्या नंबरावरूनच, माणूस ओळखतं.

बहुतेक जण पासवर्डच्याच मागे लागतात आणि तिथेच वेळ जातो. खरं तर इथे लॉगिन दोन असतात, एक ब्राउझरचं वेबमेलशी, दुसरं वेबमेलचं मागच्या आयमॅप सर्व्हरशी, म्हणजे जिथे मेल साठवलेले असतात त्याच्याशी (बहुधा पोर्ट ९९३), त्यातलं कुठलं तुटलंय ते आधी बघायचं. मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) लॉगिन झालेलं दिसतंय आणि तरी युजर बाहेर फेकला जातोय, तर घोळ सेशनचाच.

अंधेरीतल्या एका ऑफिसात सोमवारी सकाळी सगळ्यांचंच असं झालं, पासवर्ड रिसेट करून करून लोक वैतागले, शेवटी मी सर्व्हरवर डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांड मारली तर डिस्क १०० टक्के भरलेली, सेशनच्या फाइली बनत होत्या पण शून्य बाइटच्या! जुने लॉग उडवले आणि सगळे आत. तेव्हापासून मी डिस्क आणि सेशन फोल्डरची परमिशन पहिली बघतो.

बाकी कारणं नेहमीची. वेबमेल पीएचपी या भाषेत लिहिलेलं असेल आणि फाइलच्या सुरुवातीला एखादी स्पेस राहिली की हेडर, म्हणजे कुकी ज्यातून जाते तो उत्तराचा वरचा भाग, आधीच गेलेला असतो, कुकी सेटच होत नाही. कुकी सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर चालणारी) आणि साइट साध्या एचटीटीपीवर, तरी तेच.

वेळेचं मात्र नीट समजून घ्या. पीएचपीत सेशनची डिफॉल्ट मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं, राउंडक्यूब या वेबमेल सॉफ्टवेअरमध्ये १० मिनिटं. टॅब उघडी असेपर्यंत राउंडक्यूब मागून सर्व्हरला पिंग, म्हणजे ‘मी आहे’ असा इशारा, पाठवत राहतं म्हणून ते जाणवत नाही, पण लॅपटॉप मिटून खाली कटिंग प्यायला गेलात की पिंग बंद, सेशन खलास. त्यात आयपी चेक (लॉगिन केलेला नेटचा पत्ता तोच आहे का ते तपासणं) चालू असेल तर लोकलमध्ये मोबाईल डेटावर केलेलं लॉगिन ऑफिसचं वायफाय पकडताच तुटतं, कारण आयपी बदलतो. मुंबईत रोज ट्रेनमधून मेल बघणाऱ्यांसाठी हा पर्याय बंदच ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

आणि मुदत कितीही ठेवा, लिहिलेला मजकूर जाता कामा नये. राउंडक्यूब तो ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये धरून ठेवतं, स्वतःचं वेबमेल लिहिणाऱ्याने एवढं तरी करावंच.